रेडिओहेड पहिल्यांदा ऐकताय? कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं

मागच्या पावसाळ्यात माझा भाचा डोंबिवलीहून आमच्याकडे परळला राहायला आला होता. कॉलेजचं पहिलं वर्ष. मी घरात रेडिओहेडबद्दल सारखी बोलते, म्हणून त्याने एका रात्री आपणहून फोनवर त्यांची गाजलेली गाणी लावली, सहा-सात ऐकली आणि सकाळी चहाच्या वेळी म्हणाला, "आत्या, राग मानू नकोस, पण हे सगळं रडगाणंच आहे ना?"

राग आला नाही, कारण २००१ साली मीही हेच म्हटलं होतं. वर्गातल्या मैत्रिणीने कॅसेट भरून दिली होती. मी दोन गाणी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. पुन्हा त्या बँडकडे वळायला मला दोन वर्षं लागली. गाणी तीच होती, कुठल्या दारातून आत शिरायचं ते कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. भाच्याला मी सात रविवार बसवून ऐकवलं. त्याच क्रमाने इथे लिहिते आहे, म्हणजे तुमची दोन वर्षं वाचतील.

ओळख थोडक्यात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेतल्या पाच मुलांनी १९८५ मध्ये बँड सुरू केला. सराव शुक्रवारी व्हायचा म्हणून नाव 'ऑन अ फ्रायडे'. थॉम यॉर्क गातो, जॉनी आणि कॉलिन ग्रीनवुड हे सख्खे भाऊ, शिवाय एड ओब्रायन आणि फिल सेल्वे. १९९१ मध्ये मोठ्या कंपनीशी करार झाल्यावर नाव रेडिओहेड झालं. तेव्हापासून हेच पाच जण आहेत. इतकी वर्षं एकत्र वाजवल्यामुळे त्यांना एकमेकांच्या विरुद्ध वाजवायची मुभा मिळाली आहे, असं मला वाटतं.

आणि तीच या बँडची किल्ली आहे. त्यांच्या चांगल्या गाण्यांत बहुतेक वेळा दोन भाव एकाच वेळी चाललेले असतात, एक गळ्यात आणि दुसरा वाद्यांत. नव्या कानाला त्यातला एकच ऐकू येतो, तो बहुधा उदास असतो, आणि मग शिक्का बसतो. खाली जे सांगते आहे ते सगळं तो दुसरा भाव कसा पकडायचा याबद्दल आहे.

हाताशी काय हवं

- तारेचे साधे इअरफोन किंवा घरातले दोन स्पीकर. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नका, कॉलिनचा बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, त्यात गायबच होतो आणि बेस गेला की निम्मा भाव गेला.
- सलग पाऊण ते एक तास. चाळीत किंवा छोट्या घरात राहत असाल तर रात्री दहानंतरचा.
- पेटी, कीबोर्ड किंवा फोनवरचं पियानोचं ॲप. वाजवता येत नसलं तरी चालेल, एका बोटाचं काम आहे.
- गाण्याच्या ॲपमध्ये शफल बंद. एक गाणं दुसऱ्यात मिसळवण्याची सोय असेल तर तीही बंद. फुकटच्या खात्यात मध्येच जाहिरात येते. तसं असेल तर महिनाभराचे पैसे भरा किंवा कोणाकडून सीडी आणा. 'किड ए' या आल्बमच्या मधोमध साबणाची जाहिरात लागली की तो रविवार वाया गेला समजा.
- एक वही. प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने: आवाजात काय वाटलं, वाद्यांत काय वाटलं.

गाण्याचे शब्द पहिल्या वेळी वाचू नका. यॉर्क शब्द चावून, गिळून गातो, ते कळत नाहीत म्हणून आपण कागद घेऊन बसतो आणि मग कान झोपतात. शब्द दुसऱ्या फेरीला.

१. 'क्रीप' पेटीवर वाजवून बघा

सगळे याच गाण्याने सुरुवात करतात आणि बरेच जण इथेच थांबतात. सुरुवात इथूनच करा, पण माझ्या पद्धतीने.

सप्टेंबर १९९२ मध्ये हे गाणं आलं तेव्हा इंग्लंडमध्ये फारसं कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या देशांत गाजलं, इंग्लंडमध्ये पुन्हा बाजारात आलं आणि मग बँडच्या मानगुटीवरच बसलं. आपण कुठेच बसत नाही, समोरच्या माणसाच्या लायकीचे नाही, असं वाटणाऱ्या माणसाचं ते गाणं आहे. इतपत सगळ्यांना कळतं.

आता पेटी उघडा. गाण्याचा सा पांढरी पाच (ॲपवर G). अख्ख्या गाण्यात चारच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, आहेत, तेच पुन्हा पुन्हा फिरतात. त्या चार कॉर्डच्या पोटात एक स्वर सरकत असतो, तेवढाच आपण वाजवायचा. गाणं लावा आणि बरोबरीने वाजवा: पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पुन्हा काळी दोन, आणि परत पांढरी दोन (ॲपवर D, D#, E, D#, D). प्रत्येक स्वर आठ मात्रा धरून ठेवा. म्हणजे पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल धैवत आणि पुन्हा पंचम. एखादा माणूस धीर करून दोन पायऱ्या चढतो आणि त्याच दोन पायऱ्यांनी खाली येतो, तसं ते आहे. शब्द कळण्याच्या आधीच गाण्याचं दुःख त्या एका बोटाखाली कळतं. माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांना इंग्रजी गाण्यांचं सोयरसुतक नाही. त्यांनी हे चार स्वर ऐकले आणि म्हणाले, "हा चढला होता तर उतरला कशाला?" गाणं त्याबद्दलच आहे.

हा झाला पहिला भाव. दुसरा जॉनीच्या गिटारमध्ये आहे. कडव्यानंतर, आवाज उंच जायच्या जरा आधी, गिटारचे खर्रकन दोन फटके येतात. गाणं फार हळुवार आहे, म्हणून ते बिघडवायला जॉनीने ते मारले, असं बँडवालेच सांगत आले आहेत. बिघडलं काहीच नाही. शरमेच्या शेजारी राग येऊन बसला. भाच्याने वहीत लिहिलं होतं, "आवाज माफी मागतोय, गिटार मागत नाहीये." मला हे वाक्य फार आवडलं.

चूक टाळा: 'क्रीप' आवडलं म्हणून तो अख्खा पहिला आल्बम, १९९३ चा 'पाब्लो हनी', लगेच ऐकायला घेऊ नका. तो नवशिक्या पोरांचा आल्बम आहे. पुढे प्रेमात पडलात की कुतूहलाने ऐकाल.

२. 'द बेंड्स'मधली दोनच गाणी

१९९५ चा हा आल्बम गिटारवाल्यांचा लाडका आहे. आपल्या कामापुरती दोन गाणी घ्या. 'फेक प्लास्टिक ट्रीज' एकट्या गिटारवर सुरू होतं, आवाज जवळजवळ बोलल्यासारखा. लंडनमध्ये जेफ बकली या गायकाची मैफल ऐकून आल्यावर यॉर्कने ते गायलं आणि गाऊन झाल्यावर तो रडला, अशी आठवण सांगितली जाते. दुसरं 'स्ट्रीट स्पिरिट', आल्बममधलं शेवटचं. त्यात गिटार जपमाळेसारखी एकच नक्षी फिरवत राहते, बदलत नाही, आणि आवाज तिच्यावर हळूहळू वर चढतो. पहिल्यात थकवा आहे. दुसऱ्यात अंधार आहे, पण त्या फिरणाऱ्या नक्षीमुळे त्याला लय आहे, म्हणून भीती वाटत नाही.

एका संध्याकाळी होणारं काम आहे. पुढे चला.

३. 'ओके कम्प्युटर' एका बैठकीत

इथे मात्र घाई नको. १९९७ चा आल्बम, बारा गाणी, सुमारे ५३ मिनिटं. त्याचा बराचसा भाग बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट नावाच्या जुन्या हवेलीत ध्वनिमुद्रित झाला. ती तेव्हा अभिनेत्री जेन सीमोर यांच्या मालकीची होती. हे सांगण्याचं कारण, ती हवेली आल्बममध्ये ऐकू येते. 'एक्झिट म्युझिक'मधला आवाज दगडी जिन्यात गाऊन घेतलेला आहे. त्याच्याभोवती जी थंड पोकळी आहे ती मशीनमधून आलेली नाही.

क्रम मोडू नका. हा आल्बम उदास आहे असं सांगणाऱ्यांनी पहिलं गाणं नीट ऐकलेलं नसतं. 'एअरबॅग' हे मोटारीच्या अपघातातून वाचलेल्या माणसाचं गाणं आहे. म्हणजे आल्बमचं पहिलं पाऊलच जिवंत राहिल्याच्या आनंदावर पडतं. आनंद जरा थरथरता आहे, कारण मरण नुकतंच शेजारून गेलंय. अकरावं गाणं 'लकी' पुन्हा त्याच जागी येतं, अपघात आणि सुटका. ते गाणं १९९५ मध्येच, बोस्नियातल्या युद्धाची झळ बसलेल्या मुलांच्या मदतीसाठी काढलेल्या एका आल्बमकरिता केलं होतं.

या दोन सुटकांच्या मध्ये बाकीचं जग आहे. 'पॅरानॉइड अँड्रॉइड' सहा मिनिटांहून मोठं, वेगवेगळे तुकडे जोडून केलेलं. त्यात चिडचीड आहे, किळस आहे, मग एकदम चर्चमधल्या समूहगायनासारखा संथ भाग येतो आणि वाटतं की हा माणूस दयेची भीक मागतोय. पहिल्यांदा ऐकताना गोंधळ होणारच. वहीत प्रत्येक तुकड्याला वेगळी ओळ द्या. 'फिटर हॅपिअर'मध्ये माणूस गातच नाही, संगणकाचा कोरडा आवाज सुखी आयुष्याची यादी वाचतो. भाच्याला ते पुढे ढकलायचं होतं. मी ढकलू दिलं नाही. दोन मिनिटं भाव काढून घेतल्यावर पुढच्या गाण्यात तो परत येतो तेव्हा कळतं की काय गेलं होतं.

'क्लायम्बिंग अप द वॉल्स' रात्री एकट्याने ऐकू नका. शेवटाकडे सोळा तारवाद्यं एकमेकांपासून पाव-पाव स्वराच्या अंतरावर एकदम वाजतात. आपल्या कानाला श्रुतींची सवय असते, पण त्या एकामागून एक, लाडाने येतात. इथे त्या एकाच क्षणी अंगावर येतात आणि पोटात खड्डा पडतो. आणि लगेच, त्यानंतर, 'नो सर्प्रायझेस'. लहान मुलाच्या पाळण्यावर वाजावी तशी घंटांची धून. दोन रकान्यांची वही इथे सर्वात कामाला येते: वाद्यं अंगाई म्हणतात आणि गाणारा माणूस नोकरीने, घराने, रोजच्या रहाटगाडग्याने इतका दमलेला आहे की त्याला फक्त शांतता हवी आहे. कळव्याहून सकाळची लोकल पकडून संध्याकाळी तशाच गर्दीत परत जाणाऱ्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही.

आता माझं सर्वात लाडकं, 'लेट डाउन'. त्या हवेलीच्या नृत्यदालनात पहाटे तीन वाजता ते मुद्रित केलं. शब्दांत हताशपणा आहे, प्रवासात असलेल्या, नुसत्या वाहून नेल्या जाणाऱ्या माणसांचा. पण गिटार पाण्यावर ऊन पडल्यासारख्या चमकत राहतात आणि शेवटाकडे यॉर्कच्या आवाजावर त्याचाच दुसरा आवाज उंच चढतो. हताश शब्दांखाली सगळं गाणं जमिनीवरून उचललं जातं. पहिल्यांदा घरीच ऐका. दुसऱ्यांदा मात्र धीम्या लोकलमध्ये, खिडकी मिळाली तर, कुर्ला सुटल्यावर लावा. शीव-माटुंग्याच्या आसपास तो दुसरा आवाज आला की बाहेरच्या इमारती बघा. मी गेली वीस वर्षं हे करते आहे.

चूक टाळा: पहिलंच ऐकणं लोकलमध्ये नको. या आल्बममधले हळू आवाज रुळांच्या खडखडाटात बुडतात आणि उरतो तो फक्त गोंगाट. मग तुम्ही म्हणाल, नुसता आरडाओरडा आहे.

४. 'किड ए': भिंत ओलांडायची कशी

बहुतेक माणसं इथे गळतात. मीही दोनदा गळले.

झालं असं की 'ओके कम्प्युटर'नंतरच्या लांबलचक दौऱ्याने यॉर्क पार खचला. गिटार, चाल, स्वतःचा आवाज, सगळ्याचा त्याला कंटाळा आला. ऑक्टोबर २००० मध्ये 'किड ए' आला तेव्हा त्यात गिटार शोधावी लागत होती, आवाज तुकडे करून वाकवलेला होता, आणि जाहिरातीसाठी एकही गाणं वेगळं काढलेलं नव्हतं. तरीही तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. तुम्हाला पहिल्यांदा तो थंड वाटेल. थंडपणा खरा आहे, तो मान्य करूनच पुढे जा. एखाद्याला फार लागलेलं असतं तेव्हा तो रडत नाही, भिंतीकडे बघत बसतो. हा आल्बम त्या अवस्थेतला आहे.

तीन पकडी देते.

पहिली पकड, मात्रा मोजा. 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' दहा मात्रांच्या आवर्तनात फिरतं. झपताल कानावर असेल तर दहाची सवय तुम्हाला आहेच. खंड इथे वेगळे पडतात, म्हणून टाळी देऊ नका, फक्त बोटांच्या पेरांवर दहा मोजा आणि सम शोधा. तीन-चार आवर्तनांत गाणं ऊबदार लागायला लागतं. नाव सांगतं की सगळं जागच्या जागी आहे, पण कापलेला, उलटसुलट केलेला आवाज सांगतो की काहीच जागेवर नाही.

दुसरी पकड म्हणजे 'हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली'. दौऱ्याच्या ताणाने कोलमडणाऱ्या यॉर्कला आर. ई. एम. बँडच्या मायकल स्टाइपने सल्ला दिला होता की पडदे ओढून घे आणि स्वतःला सांग, मी इथे नाहीच. त्यातून हे गाणं आलं. जॉनीने त्यासाठी तारवाद्यांची रचना केली आणि ती ऑक्सफर्डशायरमधल्या डॉर्चेस्टर ॲबीत वाजवून घेतली. गाणं सुरू होतं तेव्हापासून एक उंच स्वर लटकत राहतो, गिटारशी न जुळणारा. शेवटाकडे सगळी तारवाद्यं एकमेकांत गुंतून बेसूर होत जातात, आता हे कोसळणार असं वाटतं आणि त्याच क्षणी ती सुरात येतात. ती जागा चुकवू नका. तिच्यासाठी आधीची पाच मिनिटं आहेत.

तिसरी पकड अगदी आपल्या घरची. शेवटचं गाणं 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक' पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर सुरू होतं. संगीत नाटकांना साथ करायचा तोच जातीचा ऑर्गन. आजोबांच्या पिढीने नांदीच्या आधी जो सूर ऐकला असेल तो तुम्हाला थॉम यॉर्कच्या आवाजाखाली ऐकू येईल. मी हे ओळखलं तेव्हा मध्यरात्र होती आणि मला कोणाला तरी उठवून सांगायचं होतं. ते गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका, शांततेनंतर एक छोटा तुकडा अजून आहे.

'इडिओटेक' मी मुद्दाम मागे ठेवलं. ते नाचायचं गाणं आहे. पॉल लान्स्की या संगीतकाराच्या सत्तरच्या दशकातल्या, संगणकावर केलेल्या रचनेतले चार कॉर्ड उचलून त्याखाली ताल घातला आहे. पाय हलतात आणि गाणारा संकट आल्याची दवंडी पिटत असतो. भीती अंगातून बाहेर काढायची ही त्यांची रीत आहे. उभे राहून ऐका.

चूक टाळा: लालबाग-परळकडे राहणाऱ्यांनी हा आल्बम गणपतीच्या दहा दिवसांत सुरू करू नये. ताशाच्या तालापुढे याचा नाजूक ठोका टिकत नाही, आणि त्या दिवसांत ताशाच ऐकावा.

आणि एक गोष्ट मनापासून. तुम्ही स्वतः कठीण काळातून जात असाल, झोप उडालेली असेल, सारखं नाहीसं व्हावंसं वाटत असेल, तर ही पायरी आत्ता गाळा. हे संगीत सोबत करतं, पण उपचार करत नाही. आधी घरात कोणाशी तरी बोला, किंवा १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक लावा, मराठीतही बोलता येतं. आल्बम कुठे जात नाही.

५. संताप: दोन आल्बम झटपट

'ॲम्नीझिॲक' २००१ मध्ये आला, त्यातली बरीचशी गाणी 'किड ए'च्याच सत्रांतली. त्यातलं 'पिरॅमिड साँग' एवढंच आत्ता घ्या. पियानो कुठे ठोका देतोय ते पहिल्या दोन मिनिटांत कळतच नाही, मग ड्रम येतात आणि सगळं एकदम होडीसारखं तरंगायला लागतं. मृत्यूबद्दलचं गाणं इतकं निर्धास्त असू शकतं हे मला तिथे समजलं.

२००३ च्या 'हेल टू द थीफ'मधलं पहिलं गाणं घ्या. साडेतीन मिनिटांच्या आत कुजबुजीपासून किंचाळीपर्यंत जातं. 'देअर देअर'मध्ये मंचावर जॉनी आणि एड गिटार बाजूला ठेवून ड्रम बडवतात. हा राग राजकारणाचा आहे, आधीच्या आल्बममधल्या स्वतःवरच्या रागापेक्षा वेगळा. आल्बम मला लांबलेला वाटतो, चौदा गाणी जास्तच आहेत.

६. 'इन रेनबोज': इथे ऊब आहे

तुम्हाला कोणी म्हणालं की या बँडला प्रेम कळत नाही, तर हा आल्बम पुढे करा.

१० ऑक्टोबर २००७ ला त्यांनी तो आपल्याच संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्याने ठरवायची, शून्यही चालेल, असं सांगितलं. माझी पहिली नोकरी होती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या क्रेडिट कार्डावरून मी दोन पौंड भरले आणि त्याला रुपयांत परत केले. अंधेरीच्या त्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पहिलं गाणं ऐकलं, '१५ स्टेप', पाच मात्रांचं. मध्येच लहान मुलं एका सुरात ओरडतात. रेडिओहेडच्या गाण्यात मुलं आनंदाने ओरडताहेत, यावर विश्वास बसेना.

दहा गाणी, सुमारे ४२ मिनिटं. 'न्यूड' ते १९९८ पासून मंचावर वाजवत होते, पण मनासारखं जमायला नऊ वर्षं गेली. ते ऐकताना कॉलिनच्या बेसकडे लक्ष द्या, आवाज जितका अधांतरी तितका बेस हात धरून चालणारा. शब्द तुमची फजिती होणार असं सांगतात, चाल मात्र शृंगाराची आहे. 'वीअर्ड फिशेस'मध्ये गिटारी एकमेकींत लाटांसारख्या शिरतात. हे गाणं भरतीच्या वेळी वरळी सी फेसच्या कठड्यावर बसून ऐकायचं, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पावसाळ्यात कठड्यापासून लांब बसा, लाट खरोखर वर येते. 'रेकनर'मध्ये सुरुवातीला फक्त झांजा आणि तालवाद्यं, मग वर आवाज. त्यात मला क्षमा ऐकू येते. कोणाची कोणाला, ते आजवर सांगता आलेलं नाही.

भाच्याने हा आल्बम ऐकल्यावर विचारलं, "हा आधी का नाही लावलास?" कारण आधी लावला असता तर ही ऊब त्याला नुसती गोड लागली असती. 'किड ए'च्या गारठ्यातून आल्यावर ती ऊब म्हणून कळते. तरीही सहा रविवार नसतील आणि एकच संध्याकाळ असेल, तर हाच लावा.

७. एकच गाणं, दोनदा: 'ट्रू लव्ह वेट्स'

शेवटच्या रविवारी आल्बम नाही. एक गाणं, दोन आवृत्त्या, मध्ये दहा मिनिटं शांत बसायचं.

हे गाणं यॉर्कने १९९५ मध्ये पहिल्यांदा मंचावर म्हटलं. पुढे २००१ च्या 'आय माइट बी राँग' या थेट मैफलींच्या ध्वनिमुद्रणात ते आलं. ते आधी लावा. एकटा माणूस, एक गिटार, जोरात वाजवलेली. तो कोणालातरी जाऊ नकोस म्हणून विनवतो आहे. आवाजात अजिजी आहे, पण तिच्याखाली भरवसा आहे की समोरचं माणूस थांबेल.

आता 'अ मून शेप्ड पूल' घ्या, मे २०१६. त्यात गाणी इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावली आहेत, आणि त्या क्रमात हे सर्वात शेवटी आलं आहे. गिटार गेली. पियानोचे काही स्वर, थेंब पडावेत तसे, आणि त्यांच्यावर दुसऱ्या पियानोचे थेंब, एकमेकांशी न जुळणारे. शब्द तेच. आवाज एकवीस वर्षांनी मोठा. त्याच्या आदल्या वर्षी यॉर्क आणि रेचल ओवेन हे २३ वर्षांच्या सहजीवनानंतर वेगळे झाले होते. तीच विनवणी आहे, फक्त खोलीत आता कोणी नाही.

चूक टाळा: हा आल्बम रेचल यांच्या मृत्यूनंतरचा शोक आहे असं पुष्कळ जण सांगतात. तसं नाही. आल्बम मे महिन्यात आला, रेचल डिसेंबर २०१६ मध्ये गेल्या. हे माहीत असताना आज ऐकणं वेगळं होतं, पण गायचा तेव्हाचा अर्थ आपण बदलू नये.

पहिल्या आवृत्तीनंतर भाच्याने वहीत चार ओळी लिहिल्या. दुसरीनंतर आवाजाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. वाद्यांच्या रकान्यात लिहिलं, "घड्याळं. खूप घड्याळं, वेगवेगळ्या वेळेची."

यानंतर काय

२०११ चा 'द किंग ऑफ लिम्ब्स' सावकाश ऐका, आठच गाणी आहेत, तालाची आवड असेल तर लवकर आवडेल. यॉर्कचे एकट्याचे आल्बम त्यानंतर.

आणि घरात मोठी माणसं असतील तर 'जुनून' जरूर लावा. २०१५ चा आल्बम, जॉनी ग्रीनवुड आणि संगीतकार शाय बेन त्झूर यांनी राजस्थानातल्या वादकांबरोबर जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात केलेला. कव्वाल आहेत, बँडबाजा आहे, नगारा आहे, आणि जॉनी मागे कुठेतरी गिटार घेऊन बसलाय, पुढे येतच नाही. आमच्याकडे तो लागला तेव्हा बाबा आतून चष्मा पुसत बाहेर आले. भाचा म्हणाला, "आजोबा, तो मागे गिटार वाजवतोय ना, त्यानेच त्या चढून उतरणाऱ्या गाण्यात खर्र-खर्र केलं होतं." बाबा थोडा वेळ ऐकत उभे राहिले, मग पेटीजवळ बसले आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून लाव. सा कुठला आहे बघतो."